दिवेलागणीच्या आत

सकाळी साडेसहा

शटर अर्धं वर जातं न जातं तोच दुधाचा टेम्पो दारात. पौषातली थंडी, प्रवरेवरचं धुकं पुलापासून थेट पेठेपर्यंत पसरलेलं, आणि टेम्पोचा उजवा दिवा बंद.

"रात्री लोणीच्या अलीकडं गेला, मिस्तरी. समोरच्याला वाटतंय मोटरसायकल आली. अंगावरच घालत होता."

एक दिवा गेलाय आणि दुसरा चांगला आहे, म्हटल्यावर शोधायला फार लांब जावं लागत नाही. बॅटरी ठीक, स्विच ठीक, नाहीतर दुसराही पेटला नसता. राहिले फ्यूज, बल्ब आणि होल्डर. कितीतरी गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज असतो, तो आधी बघायचा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. फ्यूज शाबूत होता. बल्ब ओढला तर त्याच्याबरोबर होल्डरचं वितळलेलं प्लास्टिकही आलं. बल्बच्या बुडाशी वाचलं: १००/९०.

"हा कुणी टाकला?"

"उजेड जास्त पडतो म्हणाले."

पडतो ना, महिनाभर. मूळची वायर आणि होल्डर ६०/५५ वॅटच्या हिशेबानं दिलेले असतात. त्यावर दीडपटीहून जास्त बोजा टाकला की होल्डरची पिन तापते, तापली की सैल होते, सैल झाली की आणखी तापते. चिनी मातीचा होल्डर बसवला, बल्ब साधा ६०/५५ चा. पोऱ्या अजून नवीन आहे, त्यानं काचेला बोट लावायच्या आत ओरडलो. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की पेटल्यावर नेमकी तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब वेळेआधी जातो. बुडाला धरायचं, किंवा ज्या कागदी खोक्यातून निघाला त्याच कागदात धरायचं.

आठ वाजता

झाडलोट, देवीला उदबत्ती, चहा. आज गुरुवार, म्हणजे शिर्डीची गर्दी. दुकान नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला असल्यानं आमचं पंचांग थोडं निराळं चालतं. गुरुवारी साईबाबांची वाहनं, शनिवारी आणि अमावस्येला शिंगणापूरची, नवरात्रात आमच्या भगवतीमातेची, आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाची. बाहेरगावची गाडी संध्याकाळी येते, कारण दिवा लागत नाही हे संध्याकाळीच कळतं. गावची गाडी सकाळी येते. म्हणून गावच्या गाड्यांचं काम मी दिवेलागणीच्या आत उरकायला बघतो.

बाकावर सामान मांडतो. टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, वायर सोलायची पक्कड, पितळी लग, पॉलिश पेपर, टेप, रिले. यातलं मल्टिमीटर सोडलं तर बाकी सगळं वडलांच्या वेळेलाही होतं. मीटर मी आणलं तेव्हा ते म्हणाले, आकडा बघून दिवा पेटतो का? पेटत नाही, खरं आहे. पण का पेटत नाही ते कळतं.

सव्वानऊ

सात्रळहून तात्या आले, त्यांची १९९६ ची कमांडर जीप घेऊन. ताडपत्रीचं हूड, गोल दिवे, आणि हॉर्न वाजवायला बटणाऐवजी लोंबती वायर. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०११, २०१६, २०२१ असं करत यंदा पुन्हा श्रीरामपूरला आरटीओच्या तपासणीला न्यायची आहे. पण तात्यांना तपासणीची काळजी नव्हती.

"परवा रात्री उसाची ट्रॉली दिसंना झाली. पार जवळ गेल्यावर कळलं. मंडळी शेजारी बसली होती, दोन दिवस झाले, बोलंनात."

दोन महिन्यांत त्यांनी दोनदा बल्ब बदलले होते. एकदा बॅटरीही. आता नवे दिवेच घेऊ का, म्हणून विचारायला आले होते.

मी आधी बॉनेट उघडत नाही. आधी विचारतो. एक दिवा बारीक की दोन्ही? दोन्ही. अप्परला की डिपरला? दोन्हीला, पण अप्परला जास्त. रेस दिल्यावर उजेड वाढतो का? थोडा वाढतो. गाडी जुनी झाल्यापासून हळूहळू कमी झाला की एका दिवसात? हळूहळू. खड्ड्यात लुकलुक होते का? डावा होतो कधीकधी. स्विचला हात लावलाय कधी, गरम लागतो? तात्या हसले. "गरम? त्यावर हात शेकतो मी थंडीचा."

निम्मं काम इथंच झालं. एकदम गेलेला उजेड फ्यूजचा, बल्बचा किंवा तुटक्या वायरीचा असतो. रेस दिल्यावर भगभगणारा आणि सोडल्यावर मरणारा उजेड अल्टरनेटरचा, नाहीतर त्याच्या ढिल्या पट्ट्याचा. बल्ब सारखे उडत असतील तर उलटं, चार्जिंग पंधरा व्होल्टच्या वर चाललेलं असतं, रेग्युलेटर बघायचा. आणि वर्षानुवर्षं कमी कमी होत गेलेला उजेड, सोबत तापलेला स्विच, म्हणजे बल्ब बिचारा निर्दोष आहे. त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दहा ते साडेबारा

इंजिन चालू, डिपर लावलेला. मीटर बॅटरीवर ठेवलं, १३.९ व्होल्ट. म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर दोघेही कामाचे. मग डाव्या दिव्याच्या होल्डरवर, बल्ब पेटलेला ठेवूनच, दोन पिनांमध्ये मोजलं. ११.२.

तात्यांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "अकरा म्हणजे बाराला थोडं कमी. एवढ्यानं काय होतंय?"

फार होतं. बल्बची गंमत अशी की व्होल्ट थोडा उतरला की उजेड धाडकन उतरतो. दहा टक्के व्होल्ट कमी तर उजेड तीस टक्के कमी. इथं तर वीस टक्क्यांच्या आसपास गेलेत, म्हणजे निम्मा उजेड वाटेतच संपला. आणि संपला म्हणजे नाहीसा झाला नाही, तात्यांचा हात शेकायला गेला.

हे समजावायला आमच्याकडे कालवा पुरतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. तिथून सुटलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यात वळतं, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं ठरलेलं: धरण भरलंय, आवर्तन सुटलंय, माझ्या वाफ्यात काही येत नाही. वरची चारी फुटलेली, मधे गाळ, कुठं कुणाची मोटर. हेडलाइट हा गाडीतला टेलचा शेतकरी. तात्यांचं रान टेललाच आहे. पुढं काही सांगावं लागलं नाही.

आता गाळ कुठं साचलाय ते शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या चालू पिनेवर: १.८. मग एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर: ०.९. दोन्ही मिळून २.७, हिशेब जुळला. ही मोजणी दिवा पेटलेला असतानाच करायची. स्विच चालू ठेवून, पण होल्डर बल्बवरून काढून मोजलं तर गंजलेल्या वायरीतूनही पूर्ण बारा-तेरा दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. या एका गोष्टीपायी किती चांगले बल्ब कचऱ्यात गेले असतील! टेस्ट लॅम्पही असाच फसवतो. त्याला चिमूटभर करंट लागतो, तो मिळाला की पेटतो, आणि माणूस म्हणतो "इथपर्यंत सप्लाय आहे". हेडलाइटला मात्र एका दिव्यामागं साडेचार-पाच अँपिअर लागतात.

आधी अर्थ. डाव्या दिव्याची काळी वायर आत ग्रिलच्या पत्र्याला एका स्क्रूनं आवळलेली. स्क्रू सोडवायला गेलो तर त्याचं डोकंच हातात आलं. लग हिरवा पडलेला, खाली पत्र्यावर रंग, रंगाखाली गंज. कुणीतरी मधे गाडी रंगवताना अर्थचा पॉइंटही प्रेमानं रंगवून टाकला होता. वर नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे, त्यावर इथली माणसं इतकी वर्षं बोलताहेत की आता नवीन काय सांगू. तात्यांना डाव्या दिव्याची लुकलुक दिसायची ती या स्क्रूची.

पोऱ्याला एक गंमत दाखवली. डाव्या दिव्याची अर्थ पूर्ण सोडली आणि डिपर लावला. उजवा नीट पेटला. डावा विझायला हवा, पण त्याच्या दोन्ही तारा, अप्परची आणि डिपरची, मंद तांबूस पेटल्या, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही पुसट लागला. करंटला डावीकडून उतरायला वाट नाही, म्हणून तो डिपरच्या तारेतून अप्परच्या तारेत शिरतो आणि अप्परच्या वायरीनं पलीकडे उजव्या दिव्यात जाऊन तिथं जमीन गाठतो. दिवा असा विचित्र वागायला लागला, एक लावला की दुसरंच काही पेटतंय, की डोळे मिटून अर्थ बघावी. या लक्षणावर नवी वायरिंग गळ्यात मारल्याचीही उदाहरणं आहेत.

पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग दाबला, वर सोल्डर, नवा बोल्ट, खाली दातेरी वॉशर, आणि आवळल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर. शिवाय दोन्ही दिव्यांच्या अर्थ एकत्र करून एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. पत्र्यावर विश्वास ठेवायचं या गाडीचं वय राहिलेलं नाही.

राहिले १.८. या जुन्या बांधणीत दिव्यांचा सगळा करंट बॅटरीपासून आत स्विचला, तिथून डिपरला, तिथून पुन्हा बाहेर दिव्याला असा बारीक वायरीतून हिंडतो. दोन दिव्यांचे ११० वॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, अप्परला दहा. स्विचच्या आतले पितळी पॉइंट काळे पडले की तिथंच निम्मी चोरी. स्विच नवा टाकता येतो, पण तोही त्याच वाटेनं जाणार. त्यापेक्षा दोन रिले. जुनी वायर आता फक्त रिलेला इशारा देईल, तिला चिमूटभर करंट पुरे. आणि खरा करंट बॅटरीपासून अडीच एमएमच्या वायरीनं हातभर अंतरावर थेट दिव्याला. ८५ आणि ८६ वर इशारा आणि अर्थ, ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा. बॅटरीला चिकटूनच प्रत्येक रिलेसाठी पंधराचा फ्यूज. लोक घरी रिले लावतात आणि फ्यूज विसरतात; वायर कुठं घासली तर गाडी पेटायला तेवढं पुरतं.

एक वाजता

भाकरी, पिठलं, ठेचा. तात्या जेवायला घरी गेले नाहीत, आमच्यातच बसले.

दोन वाजता

एक तरुण नवीकोरी मोटरसायकल घेऊन आला. दिवसा दिवा चालू राहतो, बॅटरी उतरेल, बंद करायचं बटण बसवा. एप्रिल २०१७ पासून दुचाक्यांना ते बटणच देत नाहीत, आणि इंजिन चालू असताना बॅटरी त्यानं उतरत नाही. उसाच्या आडून रस्त्यावर येणारी मोटरसायकल दिवसाही दिव्यामुळंच दिसते. बसवणार नाही म्हटलं. नाराज होऊन गेला, बहुतेक पुढच्या चौकात.

त्याच्यामागं एक मारुती एटहंड्रेड, मास्तरांची. दोन्ही डिपर बंद, अप्पर चालू. दुसरीकडं कुठंतरी दाखवून आलेले, तिथं "बल्बला दोन्हीकडून सप्लाय येतोय, अर्थ गेलीय" असं निदान झालेलं. आता हे निदान ऐकायला बरोबर वाटतं. पण कित्येक जपानी बांधणीच्या गाड्यांत उलटा कारभार असतो. बल्बच्या सामाईक पिनेला बॅटरीचा प्लस कायम हजर, आणि स्विच-डिपर दोघंही अर्थच्या बाजूला. बल्ब बसवलेला असेल तर टेस्ट लॅम्प तिन्ही पिनांवर पेटतो आणि माणूस चक्रावतो. तेव्हा जुन्या गाडीत हात घालण्याआधी एवढं बघून घ्यावं, की इथं स्विच प्लस तोडतो की अर्थ. आणि अप्पर लागतंय, डिपर दोन्हीकडं गेलंय, तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी कशाला मरतील? दोघांना सामाईक एकच जागा, डिपरचा स्विच. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, पॉइंट काजळलेला, साफ करून स्प्रिंग थोडी उचलली. चार-सहा महिने जातील. नवा स्विच मागवून ठेवतो म्हटलं.

मास्तरांनी विचारलं, "काचा पिवळ्या पडल्यात त्याचं काय? टूथपेस्टनं जातात म्हणे." प्लॅस्टिकची काच असेल तर आठ दिवस जातात. नीट करायचं तर पाण्यात भिजवलेला हजार आणि दोन हजार नंबरचा पेपर, मग पॉलिश, मग वरून संरक्षक थर, नाहीतर ऊन पुन्हा पिवळी करतं. पण पिवळी काच परवडली. आतला आरसा काळवंडला तर काही इलाज नाही. तो फडक्यानं पुसायला गेलं की उरलीसुरली चांदीही फडक्यावर येते.

साडेतीन

कमांडरचे रिले बसले. टक्‌ असा बारीक आवाज आला की तात्या दचकायचे. होल्डरवर मोजलं, १३.४. बल्ब तेच, त्यांनी महिन्यापूर्वी घेतलेले.

तेवढ्यात तात्यांचा पुतण्या आला. मोबाइलवर पांढऱ्या एलईडी बल्बची जाहिरात. "काका, हेच टाका, दिवसासारखं दिसतं."

इथं माझं मत पक्कं आहे आणि त्यापायी गिऱ्हाईकं गेलीत. एच-४ बल्ब उघडून पुतण्याच्या हातावर ठेवला. आत दोन तारा. डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्यावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्यावर खाली येतो. तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबात ठरवलेली. त्या आरशात दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच आकाराचा उजेडाचा ठिपका ठेवला तर आरसा तो वाटेल तिकडं फेकतो. गाडीवाल्याला समोर पांढरंफट्ट दिसतं, तो खूश. आणि समोरून येणाऱ्याला रस्ताच दिसत नाही. एलईडीसाठीच घडवलेला अख्खा दिवा असेल तर माझी हरकत नाही. पण असा वाटेल तिकडं फेकलेला उजेड धुक्यात आपल्याच डोळ्यात परत येतो, सकाळी पुलावर जाऊन बघ म्हटलं.

"पण सगळे लावत्यात की."

"म्हणून तर तुझ्या काकाला ट्रॉली दिसली नाही."

सव्वापाच

आता फोकस. हे काम ऊन उतरल्याशिवाय होत नाही आणि अंधार पडल्यावर दुकानात गर्दी होते, म्हणून मधला हा तासच काय तो. मागच्या गोदामाची भिंत सपाट आहे, पुढची फरशीही. चाकांत हवा बघितली, तात्यांना ड्रायव्हरच्या जागी आणि पुतण्याला मागं बसवलं, कारण मागं वजन पडलं की नाक वर होतं आणि उजेड झाडावर जातो. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर. दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूनं आडवी रेघ, प्रत्येक दिव्यासमोर उभी. डिपर लावला. उजेडाची वरची कड रेघेच्या दोन इंच खाली यायला हवी. उजवा तिथं होता. डावा चांगला वीतभर वर, म्हणजे उजेड कमी असूनही समोरच्याला तात्या त्रास देत होतेच.

स्क्रू गंजलेले. तेल टाकून वाट बघितली, बळजबरी केली की कान तुटतो. वर-खालीचा फिरला, आडवा फिरेना, मग पाठीमागून अडकवलेली स्प्रिंगच बदलली. डिपरची कड डावीकडं किंचित चढती हवी, तिकडं पायी चालणारा आणि साइडपट्टी दिसते. उजवीकडं सपाट, कारण तिकडून गाडी येते. बाहेरदेशचा स्वस्त दिवा बसवला की कधीकधी हे उलटं निघतं. चढती बाजू उजवीकडं, थेट समोरच्याच्या तोंडावर. तो दिवा कितीही फिरवा, सुधारत नाही. मोटार वाहन नियम सांगतात की आठ मीटरवर उभ्या माणसाच्या दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिव्यानं दिपू नये. मी पुतण्यालाच खाली उतरवून पुढं उभा केला. डिपरवर तो आरामात उभा राहिला, अप्पर मारल्यावर हात डोळ्यावर गेला. पास.

सव्वासात

तात्यांबरोबर बाभळेश्वरपर्यंत फेरी. दिवस मावळून तास झालेला. शिर्डीकडून परतणारी वाहनं एकामागं एक, त्यातली निम्मी अप्परवर. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून या भागात हंगामात रात्रीचे रस्ते उसाचे आहेत. बैलगाड्यांच्या खाली निदान कंदील तरी लटकलेला असायचा. आता दोन-दोन ट्रॉल्या, वर पाचटाचे झुपके दोन्ही बाजूंना लोंबलेले, आणि मागचं रेडियम असलंच तर त्याच पाचटाखाली झाकलेलं.

एक ट्रॅक्टर पुढं होता. तात्यांनी पाय उचलला तेव्हा अजून बरंच अंतर होतं.

"दिसला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "घरी सांगावं लागंल."

साडेआठ

परत आलो तर दुकानापुढं तोच ट्रॅक्टर लागलेला, किंवा तसलाच दुसरा. ऊसतोडीवाला, बीडकडचा, डोक्याला मफलर. मागचा दिवा लागत नाही म्हणाला, पुढं पोलिस उभेत. पोलिस नसते तर आला नसता, पण ठीक. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधली वायर तुटून जमिनीवर घासत आलेली, सॉकेट कुठं पडलं पत्ता नाही. दोन्ही ट्रॉल्यांना मिळून नवी वायर ओढली, जोडाला सॉकेट टाकलं म्हणजे ट्रॉली सोडताना पुन्हा तुटायला नको, आणि पाचट कोयत्यानं छाटून पोऱ्यानं मागं लाल रेडियमची पट्टी चिकटवली.

"किती झाले?"

सांगितले. त्यानं खिसा चाचपला. "गव्हाणीवर खाली करून येताना देतो. पहाटं उघडं असतंय का?"

"साडेसहाला."

"मग साडेसहाला."

पोऱ्या माझ्याकडं बघत होता. त्याला सांगितलं, मीटर बंद कर, बॅटरी जाते त्याची.